लंडन हिथ्रो ते अॅमस्टरडॅम स्किपोल किती लांब, किती वेळ लागतो?

सरळ अंतर साधारण ३७० किमी, म्हणजे विमान हवेत जेमतेम पाऊण तास, चहा संपेपर्यंत उतरायची अनाउन्समेंट होते. पण तिकिटावर सव्वा तास किंवा जास्तच दिसेल कारण त्यात दोन्हीकडचं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं टर्मिनल ते रनवे जमिनीवरून चालणं, धरलेलं असतं, आणि स्किपोलला पोल्डरबान नावाच्या रनवेवर उतरलात तर मग झालंच, तो टर्मिनलपासून इतका लांब आहे की विमान रस्त्याने चाललंय असं वाटतं, दहा-पंधरा मिनिटं आरामात जातात त्यातच.

आता घड्याळाची गंमत. नेदरलँड्स ब्रिटनच्या एक तास पुढे आहे, म्हणून जाताना ९ ला निघालात तर तिथे साडेअकराच्या आसपास वाजलेले असतात आणि येताना ९ ला निघून लंडनला साडेनऊच्या आतबाहेर पोचता, तिकीट बघून घाबरू नका, चूक नाहीये ती.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, नेदरलँड्ससाठी लागणारा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) वेगळा. एअरपोर्टला दोन तास आधी जायचंच असेल तर युरोस्टार ही रेल्वेही बघा, थेट गाडीला चारेक तास, पण शहरातून शहरात. मी तरी ट्रेनच घेईन.