सिक्युरिटी रिसर्च: सुरुवात कुठून करू म्हणतोस तर...

अरे सर्टिफिकेटांच्या मागे लगेच धावू नकोस, सगळे तिथेच पैसे घालवतात. आधी लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं कर, घरच्या वायफायवर वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) लाव, एखादी साइट उघड आणि डीएनएस क्वेरी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता विचारणारी विनंती, कशी जाते ते स्वतः बघ.

- परवानगीशिवाय कुणाच्या सिस्टिमला हात लावायचा नाही. मी कॉलेजात असताना यूआरएलमधला रोल नंबर सहज बदलला, दुसऱ्याचा निकाल उघडला आणि मग अर्धा तास एचओडींपुढे मान खाली घालून उभा. परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दलचं आयटी ॲक्टचं कलम 43 वाचून ठेव.
- प्रायव्हसी म्हणजे नाव खोडणं नव्हे. लटान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेने 1990 च्या दशकात नावं काढलेल्या हॉस्पिटल डेटातून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधली होती, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदार यादीशी जुळवून!
- रोज लिहून ठेव, फसलेलंही.

क्रिप्टोग्राफीचं, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या शास्त्राचं, गणित नंतर बघू.