एलईडी वॉलचा प्रोसेसर : वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञाची उत्तरे

गणेशोत्सव असो, लग्न असो की हरिनाम सप्ताह, मांडवात एलईडी वॉल आता असतेच. लॅपटॉप, कॅमेरे, मोबाइल अशा सगळ्यांकडून येणारं चित्र वॉलच्या मापात बसवून पुढे पाठवायचं काम प्रोसेसर करतो. त्यामुळे काही बिघडलं की पहिला संशय त्याच्यावरच जातो. या वेळच्या बहुतेक पत्रांत मात्र घोडं दुसरीकडेच अडलेलं आहे.

आमचा व्हिडिओ मिक्सर (अनेक कॅमेऱ्यांतून हवं ते चित्र निवडणारं यंत्र) मांडवाच्या मागच्या टोकाला असतो. ऐन आरतीत सगळी वॉल दोन-तीन सेकंद काळी होते आणि आपोआप परत येते. प्रोसेसर बदलून पाहिला, तरी तेच. (मंडळाचे कार्यकर्ते, सातारा)

पुढच्या वेळी आधी प्रोसेसरचा स्वतःचा टेस्ट पॅटर्न लावा. तो मेनूत असतो आणि त्याला बाहेरून काहीच जोडावं लागत नाही. अर्धा तास तो स्थिर राहिला तर प्रोसेसर, तिथून वॉलकडे जाणारी लॅन केबल, वॉलमधलं चित्र घेणारं रिसीव्हिंग कार्ड सगळं ठीक आहे आणि दोष प्रोसेसरच्या आधी आहे असं समजा. ही एक तपासणी केली असती तर दुसरा प्रोसेसर भाड्याने आणायची वेळ आली नसती.

तुमच्या वर्णनावरून मला एचडीएमआय केबलचीच शंका आहे. एखादंच कॅबिनेट (वॉल ज्या चौकोनी तुकड्यांची बनते त्यातला एक) किंवा तिथून पुढची रांग गेली असती, तर लॅन केबल पाहायला सांगितलं असतं. सगळी वॉल एकदम जाते आणि परत येते, म्हणजे सिग्नल तुटून पुन्हा जुळतोय. साधी तांब्याची एचडीएमआय 10-15 मीटरच्या पुढे भरवशाची नसते. 4के सिग्नल असेल तर त्याच्याही खूप आधी दगा देते. म्हणून मिक्सरचं आउटपुट 1080 वर ठेवा आणि लांबच्या अंतरासाठी एसडीआय, म्हणजे कोॲक्सियल केबलवरून चित्र नेणारी जोडणी, वापरा. चांगल्या कोॲक्सियल केबलवर 60-70 मीटर सहज जातं. ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) एचडीएमआय घेतलीत तर तिची दोन टोकं वेगळी असतात. सोर्सचं टोक मिक्सरलाच लागलं पाहिजे, उलटी लावली तर चित्र येणारच नाही. आणि कार्यक्रम चालू असताना इनपुटची केबल बदलावी लागली तर आधी प्रोसेसरचं फ्रीझ बटण दाबा. शेवटचं चित्र वॉलवर थांबून राहतं आणि लोकांना काळा पडदा दिसत नाही.

पी 3.91 ची (दोन ठिपक्यांत 3.91 मिलिमीटर अंतर असलेली) वॉल आहे, आडवी 10 आणि उभी 6 कॅबिनेट. प्रोसेसरच्या पहिल्या लॅन पोर्टवर चार ओळी आणि दुसऱ्यावर दोन घेतल्या, तर सॉफ्टवेअर पोर्टची क्षमता संपली असं दाखवतं. मोठा प्रोसेसर घ्यावा का? (एलईडीवाले, मिरज)

अजिबात नको. 500 बाय 500 मिलिमीटरच्या पी 3.91 कॅबिनेटमध्ये 128 बाय 128, म्हणजे 16,384 पिक्सेल (ठिपके) असतात. नोव्हास्टार कंपनीच्या प्रोसेसरसारख्या सिस्टिममध्ये 60 हर्ट्झला (सेकंदाला 60 चित्रं), 8 बिट रंगावर, एका गिगाबिट पोर्टची मर्यादा साडेसहा लाख पिक्सेल. तुमच्या चार ओळी म्हणजे 40 कॅबिनेट, 6,55,360 पिक्सेल. एका कॅबिनेटपायी अडलंय! तीन ओळी एका पोर्टवर आणि तीन दुसऱ्यावर घ्या. प्रत्येकी 4,91,520 होतात आणि दोन्ही पोर्ट आरामात चालतात. वेड्यावाकड्या आकाराची वॉल करताना मात्र सावध राहा. बऱ्याच सेंडिंग कार्डांत (पोर्टांवर चित्र पाठवणाऱ्या कार्डांत) त्या पोर्टवरच्या कॅबिनेटभोवतीचा पूर्ण चौकोन हिशेबात धरतात, मधली रिकामी जागासुद्धा.

सॉफ्टवेअरमध्ये ही जोडणी भरून झाल्यावर ती रिसीव्हिंग कार्डात सेव्ह करायला विसरू नका. नुसती पाठवून ठेवली तर त्या रात्री सगळं छान दिसतं, आणि सकाळी पॉवर दिली की तुकडे इकडचे तिकडे झालेले असतात.

शाळेच्या स्नेहसंमेलनात अशाच 10 बाय 6 च्या वॉलवर लॅपटॉपवरून विद्यार्थ्यांची नावं दाखवली. लॅपटॉपवर स्वच्छ दिसतात, वॉलवर रफार आणि अनुस्वार गायब! (शिक्षिका, नाशिक)

या प्रश्नाचा मला आनंद झाला, कारण मराठी मजकुराची ही अडचण वॉल लावणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. या वॉलची मापं 1280 बाय 768 पिक्सेल. लॅपटॉप पाठवतो 1920 बाय 1080. म्हणजे आडव्या दिशेने दर तीन ठिपके दोनात बसवावे लागतात. इंग्रजी अक्षरं यातून कशीबशी तरतात. रफाराची बारीक रेघ लॅपटॉपवरच एक-दोन ठिपक्यांची असते. ती लहान केल्यावर शेजारच्या रंगात मिसळून जाते, आणि ‘वर्षा’ची ‘वषा’ होते.

उपाय असा. प्रोसेसरच्या इनपुट सेटिंगमध्ये ईडीआयडी नावाची नोंद असते. ‘मला अमुक मापाचं चित्र दे’ हे लॅपटॉपला तिच्यातूनच कळतं. तिथे 1280 बाय 768 भरा, मग केबल काढून पुन्हा लावा. लॅपटॉप तेच माप धरतो आणि त्याचा एक ठिपका वॉलवर एकच ठिपका होतो. चेहरे उभे ताणल्यासारखे दिसायचे तेही थांबतं, कारण तुमची वॉल 16:9 नाही, 5:3 आहे.

लॅपटॉप शक्यतो सरळ प्रोसेसरला जोडा. मिक्सरमधून नेला तर बरेच मिक्सर रंगाची माहिती निम्मी करतात आणि निळ्यावरची लाल अक्षरं कडेला फिसकटतात. जाड वळणाचा फॉन्ट, काळ्यावर पांढरा किंवा पिवळा रंग, आणि एका पाटीवर चारच नावं ठेवा. मुलाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं झळकतंय, ते शुद्धच दिसलं पाहिजे.

कीर्तनात बुवांचा आवाज आधी येतो आणि वॉलवर ओठ नंतर हलतात. आवाज उशिरा सोडावा का? (पंढरपूर)

टाळकऱ्यांकडे पाहिलंत तर हे आणखी ठळक दिसेल. नाद येऊन जातो आणि वॉलवर टाळ मग एकमेकांना लागतात. कॅमेरा, मिक्सर, प्रोसेसर असा प्रत्येक टप्पा एक-दोन फ्रेम (चित्रं) खातो. 50 हर्ट्झला एक फ्रेम 20 मिलिसेकंदांची, म्हणजे बघता बघता 100 मिलिसेकंद होतात. मुख्य कॅमेरा एसडीआयने थेट प्रोसेसरला द्या आणि प्रोसेसरमध्ये लो लेटन्सी (कमी उशिराचा) मोड असेल तर चालू करा.

मुख्य स्पीकरचा आवाज मात्र उशिरा सोडू नका. पुढे बसलेली मंडळी वॉलकडे नाही, बुवांकडे पाहतात. त्यांचा रसभंग कशासाठी? आवाजाला एका मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद लागतात. स्टेजच्या स्पीकरवर ऐकणाऱ्या 30-35 मीटरवरच्या श्रोत्याला तो तसाही 100 मिलिसेकंद उशिराच पोचतो आणि चित्राशी जुळतो. डिले लावायचा तो मागच्या स्पीकरांनाच, साऊंडवाल्याशी बोलून.

ओटीटी ॲपवर क्रिकेटचा सामना लावला की वॉल काळी. मेनू मात्र दिसतो. (कोल्हापूर)

हे एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप. मधलं एखादं यंत्र ते मानत नसेल तर चित्र अडतं. कुलूप चुकवणारे स्प्लिटर बाजारात मिळतात, ते घेऊ नका. घरच्या वर्गणीवर चौकात सामना दाखवता येत नाही, त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते.

दर हंगामात प्रोसेसरचा एचडीएमआय पोर्ट जळतो. केबल लावताना ठिणगीही दिसते. (अहिल्यानगर)

ठिणगी दिसते तिथे थांबा, यात माणसाच्या जिवाला धोका आहे. लॅपटॉप एका बोर्डावर, वॉल जनरेटरवर आणि अर्थिंगचा पत्ता नाही, असं असलं की दोन यंत्रांच्या बॉडीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि केबल टेकताक्षणी तो नाजूक पोर्टातून वाहतो. दोन पिनच्या चार्जरवरच्या लॅपटॉपच्या बॉडीवर मल्टीमीटरने शंभरच्या आसपास व्होल्टही दिसू शकतात. लॅन पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो म्हणून तो बहुधा वाचतो, एचडीएमआयला तसं संरक्षण नसतं.

लॅपटॉप, मिक्सर आणि प्रोसेसर एकाच बोर्डावर, एकाच फेजवर घ्या. अर्थची पिन कधीही तोडू नका. आधी एचडीएमआय लावा, मग चार्जर. मिक्सर दुसऱ्या सप्लायवरच ठेवावा लागत असेल तर मधे फायबर कन्व्हर्टर (सिग्नल विजेऐवजी प्रकाशाने नेणारी जोडी) टाका. आणि रोज जोडणीआधी न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. ते दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा, आणि त्याने दुरुस्त करेपर्यंत एकही केबल जोडू नका.