वाळूत उतरण्याआधी विचारा

दिवाळी जवळ आली की या सदराकडे दुबईला जाणाऱ्यांची पत्रं वाढतात. मी सतरा वर्षं शारजात राहिले. त्यातली अकरा वर्षं दर शुक्रवारी (तेव्हा तिकडची सुट्टी शुक्रवारी असायची) आमची जुनी पजेरो घेऊन मित्रमंडळींच्या ताफ्याबरोबर वाळूत जायची, गाडी मीच चालवायची. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना कंपन्यांच्या सफारीलाही बरंच पाठवलं. त्यामुळे या महिन्यात फक्त डेझर्ट सफारीचेच, म्हणजे गाडीने वाळवंटात फिरायला जाण्याचेच, प्रश्न घेतले आहेत.

ताई, डिसेंबरात आम्ही सहा जण दुबईला जातोय. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, चालतात-फिरतात, आणि "मी पण वाळूत येणार" म्हणतात. एजंट म्हणतो काही होत नाही, सगळे जातात. न्यावं का? (इचलकरंजी)

वाळवंटात जरूर न्या. टेकड्यांवर उड्या मारणाऱ्या गाडीत बसवू नका.

हे इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. २०११ च्या जानेवारीत माझी मावशी आमच्याकडे आली होती, तेव्हा ती ६१ वर्षांची. तब्येत ठणठणीत, रोज सकाळी तासभर चालणारी. मी कामावर होते म्हणून तिला आणि भाच्यांना एका कंपनीच्या गाडीतून पाठवलं. मागच्या रांगेत बसली. गाडीत दोन तरुण मुलं होती, ती चालकाला "और तेज, और तेज" म्हणत राहिली. गाडी एका उतारावरून खाली आली आणि पुढच्या खळग्यात आदळली. मावशी सीटवरून वर उचलली गेली आणि खाली बसली, एवढंच. कमरेत कळ आली. तिने कोणाला सांगितलं नाही, कॅम्पवर (फेरीनंतर जेवायला नेतात तिथे) जेवलीसुद्धा. रात्री कूस बदलता येईना तेव्हा मला हाक मारली. एक्स-रेत मणका दबलेला निघाला. हाडं ठिसूळ झाली आहेत हे तिच्या इथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण गाडीत बसवताना तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. सहा आठवडे कमरेला पट्टा, परतीचं तिकीट पुढे ढकललेलं, आणि वर तीच मला समजावत होती की तुझा काही दोष नाही गं.

कंपन्यांच्या अटींमध्ये गरोदर बायका, पाठ-मानेचं दुखणं, हृदयविकार, अलीकडे झालेलं ऑपरेशन, अगदी लहान मुलं यांना मनाई लिहिलेली असते. बारीक अक्षरात. एजंट ती वाचून दाखवत नाही. तेव्हा बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा: "आमच्यातल्या एकांना ड्यून बॅशिंग नको, त्यांना थेट कॅम्पवर न्या." (टेकड्यांवरून गाडी उडवत नेण्याला ड्यून बॅशिंग म्हणतात.) बहुतेक कंपन्या दुसरी गाडी देतात, ती सपाट वाटेने जाते. व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, म्हणजे ऐन वेळी "जागा नाही, यातच बसा" होत नाही. सासूबाईंना वाळू बघायची आहे, वाळूतला सूर्यास्त बघायचा आहे. तो कॅम्पवरून तेवढाच दिसतो.

उंटावर बसवायचं असेल तर एक लक्षात ठेवा. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे माणूस एकदम पुढे फेकला जातो. बसतानाही पुढचे गुडघे आधी टेकतो, परत तोच झोका. दोन्ही वेळा अंग मागे टाकून खोगिराची कडी घट्ट धरायची. सासूबाईंची कंबर थोडीही कुरकुरत असेल तर उंटाशेजारी फोटो काढा आणि पुढे चला.

मावशी, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना मला दर वेळी गाडी लागते. मैत्रिणींबरोबर दुबईला चालले आहे. सफारीचं काय करू? (नाशिक, वय २४)

घाटात गाडी लागते तिला वाळूत लागणारच, असं धरून चाल. घाटात वळणं असतात, इथे वर-खाली आणि आडवे हिसके एकदम बसतात.

दुपारी अडीच-तीनला हॉटेलवरून घ्यायला येतात. जेवण साडेबारापर्यंत उरक, हलकं खा, पण उपाशी जाऊ नकोस. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि निघण्याआधी. टेकड्या सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. जागा पुढची माग, ती नाही तर मधल्या रांगेतली. तिसऱ्या रांगेत कधीच बसू नकोस, ती मागच्या चाकांवर असते आणि तिथे गचके सगळ्यात जोरात बसतात. मोबाइल पिशवीत. व्हिडिओ काढायला स्क्रीनकडे बघितलंस की संपलं. नजर लांब, आभाळ आणि वाळू जिथे भेटतात तिथे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडीत बसण्याआधी चालकाला सांग. यातले बरेच चालक पाकिस्तानचे असतात, हिंदी-उर्दू समजतं. "भाई, मेरी तबियत खराब होती है, आहिस्ता चलाइए, रुकने को बोलूँ तो रुकिए." मी आजवर एकही चालक बघितला नाही ज्याने हे ऐकून मान डोलावली नाही. न सांगता सहन करत बसणाऱ्या मुली मी खूप बघितल्या. तू पैसे दिले आहेस, थांबवायचा हक्क तुझा आहे. प्रत्यक्ष टेकड्यांवरची फेरी अर्ध्या-पाऊण तासाचीच असते.

वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा सोडतात असं ऐकलं. पंक्चर गाडी चालवल्यासारखंच नाही का ते? आणि चालक जाणकार आहे की नुसता धाडसी, हे आपल्यासारख्याला कसं कळावं? (सोलापूर, निवृत्त शिक्षक)

सर, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण हे कोणी विचारत नाही.

डांबरी रस्त्यावर या गाड्यांत साधारण ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. वाळूत उतरण्याआधी ती १५ च्या आसपास आणतात, वाळू फारच भुसभुशीत असेल तर त्याहून खाली. हवा कमी झाली की टायर पसरतो, मुख्यतः लांबीत. गाडीचं तेच वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत खणत जाण्याऐवजी वरून चालतं. उंटाच्या पायाचा तळवा बघा, टाकला की भाकरीसारखा पसरतो. तेच तत्त्व. पंक्चर गाडीशी फरक एवढाच की टायर रिमवर घट्ट बसलेला राहील इतकी हवा आत असते. पण अशा टायरवर जोरात वळण घेतलं तर तो रिमवरून निसटू शकतो. म्हणून कमी हवेवर झटक्याने स्टिअरिंग फिरवणारा चालक जाणकार नव्हे, हे पहिलं ओळखण्याचं चिन्ह. परत रस्त्याला लागण्याआधी कॉम्प्रेसरने हवा भरलीच पाहिजे. चालक ती न भरता हायवेला लागत असेल तर थांबवा. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो.

आता टेकडीचं. वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. वारा ज्या बाजूने येतो तो चढ लांब आणि सौम्य, वाऱ्याने चोपून बसवलेला. वाऱ्याच्या आडोशाची बाजू उभी, ३२ ते ३४ अंशांची, आणि पूर्ण सुटी. कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही, घसरते. घरी परातीत रवा ओतून बघा, ढिगाची बाजू एका ठरावीक उतारावर येऊन थांबते.

चालक सौम्य अंगाने चढतो आणि माथ्यावर येतो, तेव्हा पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नसतं. बॉनेटपुढे फक्त आभाळ. मी शिकत होते तेव्हा आमच्या ताफ्यातले जुने गृहस्थ मला प्रत्येक माथ्याआधी एकच सांगायचे: "पाय उचल." म्हणजे ॲक्सिलरेटरवरून. वेग इतकाच ठेवायचा की गाडी माथ्यावर येऊन हलकेच पुढे कलंडेल. वेग जास्त झाला तर गाडी हवेत जाते, कमी पडला तर पोट माथ्यावर टेकतं आणि चारही चाकं नुसती फिरतात. एकदा उभ्या उतारावर आलं की नाक सरळ खाली, खालचा गिअर, ब्रेक जवळजवळ नाही. तिथे गाडी आडवी घेतली तर ती कुशीवर लोळते. तशी लोळलेली गाडी मी दोनदा बघितली, दोन्ही वेळा पट्टे लावलेले होते म्हणून माणसं चालत बाहेर आली.

तेव्हा तुम्ही गाडीत बसून एवढं बघा. निघण्याआधी त्याने प्रत्येकाचा पट्टा स्वतः तपासला का? गाडीच्या आत छताला लोखंडी पाइपांचा पिंजरा आहे का? माथ्याआधी वेग उतरतो का? पुढची गाडी माथ्यापलीकडे उतरून दिसेनाशी झाल्यावर, ती तिथेच अडकली नाही याची खात्री झाल्यावरच तो चढायला लागतो का? एकटी गाडी आत नेतोय की निदान दोन बरोबर आहेत? यातलं काही चुकत असेल तर तिथेच बोला.

गाडी रुतली तर घाबरू नका, हे रोजचं आहे. फावड्याने चाकांपुढची वाळू काढतात, हवा आणखी सोडतात, नाहीतर दुसऱ्या गाडीने ओढतात. ओढताना मात्र दोन गाड्यांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या रेषेत उभं राहू नका. ताणलेला पट्टा तुटला किंवा कडी निखळली तर ती गोफणीच्या धोंड्यासारखी येते. लोक नेमके तिथेच मोबाइल घेऊन उभे असतात. बाजूला, पट्ट्याच्या लांबीहून जास्त अंतरावर जा.

शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं का? कपडे काय घालावेत? बरोबर खाऊ नेला तर चालतो का? (बार्शी)

मिळतं, बहुतेक कॅम्पवर शाकाहारी टेबल वेगळं असतं, पण बुकिंग करताना सांगून ठेवा. सैल सुती कपडे, गॉगल. पायात वाळू भरणारच, म्हणून सहज काढता येणारी चप्पल बरी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळला की चांगलीच थंडी वाजते, स्वेटर हवाच. रमजानात नाच-गाणं बहुतेक ठिकाणी बंद असतं. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा.

खाऊ न्या, पण त्यात खसखस नको. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, बॅगेत सापडली तर गंभीर प्रकरण होतं. अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू, मसाल्याची पुडी, सगळं तपासा. दिवाळीत जाताय म्हणून मुद्दाम लिहिते. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या आणि त्यातलं काही तिकडे प्रतिबंधित तर नाही ना, ते निघण्याआधी बघून घ्या.

क्वाड बाइक घ्यावी का? मुलगा १५ वर्षांचा आहे, हट्ट धरून बसलाय. (औरंगाबाद)

क्वाड बाइक म्हणजे वाळूत चालवायची चार जाड चाकांची उघडी गाडी. मी माझ्या मुलाला दिली नाही. हवा सोडायला गाड्या जिथे थांबतात तिथेच या बाइक भाड्याने लावलेल्या असतात, दोन मिनिटांत सगळं सांगून चावी हातात देतात. माथ्यापलीकडे काय आहे हे चालकाला दिसत नाही असं वर लिहिलं, तिथे पंधरा वर्षांचं पोर काय बघणार? शिवाय तुमच्या प्रवास विम्यात अशा वाहनांवरचा अपघात धरलेला आहे का, ते वाचा. पुष्कळ पॉलिसींत नसतो. वाळूवरून पाटावर बसून घसरायला द्या, पोरं त्यात तासभर रमतात.

एकदा दुबईजवळच्या लहबाबची लाल वाळू, उड्या, तनूरा (घेरदार झगा घालून गिरक्या घेत केलेला) नाच सगळं झालंय. पुन्हा जाणार आहोत. वेगळं काही आहे का? (ठाणे)

आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. दुबईचं संरक्षित वाळवंट आहे, सुमारे २२५ चौरस किलोमीटरचं. तिथे ठरावीक कंपन्याच जाऊ शकतात. सकाळच्या फेरीला जा. गाडी हळू जाते, बरोबर निसर्गाची माहिती असलेला गाइड असतो. पांढरा अरबी ओरिक्स दिसतो, हरणासारखा, लांब सरळ शिंगांचा. हा प्राणी १९७२ पर्यंत रानातून पूर्ण नाहीसा झाला होता; पिंजऱ्यांत जपलेल्या जनावरांपासून वाढवून परत सोडला. पहाटे वाळूवर रात्रीच्या पावलांचे ठसे ताजे असतात. कोल्हा, पाल, भुंगेरा, कोण कुठून कुठे गेला ते वाचता येतं. दहा वाजेपर्यंत वारा सगळं पुसून टाकतो.

आणि गाफचं झाड बघा. गाइडला म्हणा, "गाफ दाखवा." अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे ते, २०१९ साली त्यांनी सहिष्णुतेचं वर्ष पाळलं तेव्हा बोधचिन्ह म्हणून हेच घेतलं. मुळं इतकी खोल की चहूकडे वाळू असताना हे हिरवंगार उभं असतं, खाली उंट सावलीला बसलेले. मी पहिली तीन वर्षं त्याच्याजवळून गाडी नेत होते आणि मला पत्ता नव्हता. एका दसऱ्याला सुट्टी आली म्हणून ताफा घेऊन निघालो होतो. बरोबर राजस्थानचे एक कुटुंब होतं, त्यांच्या आजी झाडाजवळ गेल्या, शेंग हातात घेतली आणि म्हणाल्या, "अरे, ये तो खेजड़ी है, इसी की सांगरी।" खेजडी म्हणजे आपली शमी. घरी दसऱ्याला जिची पूजा व्हायची ती शमी तिथे, शारजाच्या वाळूत, माझ्या गाडीपासून दहा पावलांवर. डब्यात शिरा होता. पानं तोडली नाहीत, तिकडे गाफ तोडायला मनाई आहे. बुंध्याशी शिऱ्याचा नैवेद्य ठेवला, हात जोडले आणि सगळे जण तिथेच सावलीत जेवायला बसलो.