भिजलेल्या कांद्यासाठी एफडी मोडू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा त्या रात्रीसाठी, म्हणजे दोन वाजता गारा सुरू झाल्या आणि तुम्ही, मालक, सासूबाई, पोरगी असे चौघं ताडपत्रीची चार टोकं धरून पोळीवर, म्हणजे काढलेल्या कांद्याच्या ढिगावर, उभे, सासूबाई जगदंबेचं नाव घेतायत आणि कडेने पाणी आत शिरतंय. माझं बालपण कांद्यातच गेलंय, त्यामुळे ओल्या पातीचा वास इथे ऑफिसात बसून आला मला.

तर विषय असा की तीन एकर उन्हाळ कांद्यापैकी दीड एकर काढून झाकलेला, तो बराचसा वाचला. उरलेला दीड एकर उपटून वावरात पडलेला होता, तो पूर्ण भिजला. एफडी 4 लाखाची, सप्टेंबरात पिकणार. सोसायटीचं पीककर्ज 1 लाख 80 हजार. मालकांना एफडी मोडून अडीच लाखाची चाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड, लगेच बांधायचीये, सासूबाईंना 90 हजाराचा भंडारा घालायचाय कारण गडावरच्या देवीला पदर पसरून बोलल्यात की पोळ वाचली तर गावाला घास घालीन, आणि तुम्हाला जुलैत पोरीच्या इंजिनिअरिंगच्या फीचे 1 लाख 10 हजार दिसतायत. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहात, हे आधीच सांगतो.

पहिलं चाळीचं. मालकांना राग येईल, पण यंदाच्या ओल्या मालासाठी चाळ बांधणं म्हणजे सडायला जागा करून देणं. कांद्याची मान अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागली तर तो कांदा चाळीत टिकत नाही आणि शेजारच्या चांगल्यालाही लागतो. चाळ ही सुकवलेल्या, मान मिटलेल्या कांद्यासाठी असते, ती ओला माल सुकवून देत नाही. भिजलेला दीड एकर निवडून, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा करून, मिळेल त्या भावात मार्केटला काढा. भाव पडलेला असेल, पोटात दुखेल, तरी काढा. भाव वाढेल म्हणून ठेवायचाच असेल तर वाचलेला ठेवा, तोही सावलीत नीट सुकवून, आणि सगळा नको. भावाचा भरवसा किती ते आपण बघितलंय, डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली आणि मे 2024 पर्यंत राहिली, तेव्हा चाळी भरलेल्या लोकांना विचारा.

आणि अजून एक, चाळीला सरकारी अनुदान आहे पण त्याला आधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज आणि पूर्वसंमती लागते, आधी बांधून नंतर बिलं दाखवली तर पैसे येत नाहीत. बरीच वर्षं 25 टनाच्या चाळीला कमाल 87,500 मिळायचे, आता आकडे बदललेत, कृषी सहायकाला विचारून घ्या. घाईत एप्रिलमध्ये मिस्त्री लावला की ही रक्कम गेलीच म्हणून समजा. अर्ज आज करा, चाळ पुढच्या हंगामाआधी बांधा.

आता एफडी. मोडू नका. बँका मुदतीआधी मोडली की साधारण 1 टक्का कापतात, तुमची अडीच वर्षं झालीत म्हणजे अंदाजे 10 हजार पाण्यात. जुलैला फीची अडचण आलीच तर त्याच एफडीवर लोन घ्या, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, 9 टक्के धरले तरी 1 लाख 10 हजारावर दोन महिन्यांचे साडेसोळाशे होतात, आणि एफडी आपली चालू राहते. पण त्याआधी हे बघा, तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीये. 2024-25 पासून राज्यात ज्या घरांचं वार्षिक उत्पन्न 8 लाखाच्या आत आहे अशा ओबीसी, एसईबीसी (मराठा), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुमची मुलगी बसत असेल तर 1 लाख 10 हजारातला मोठा भाग उडाला, उरतो होस्टेल, मेस, पुस्तकं. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही हं, एजंटच्या नादी लागू नका.

पीककर्ज मात्र वेळेत भरा, हे मी तीन वेळा लिहायला तयार आहे. 3 लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं, तारीख चुकली की मूळ 7 टक्के म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला 12,600 आणि वर थकबाकीचा शिक्का, मग नवं कर्ज अडतं. गावात कर्जमाफी येणार म्हणून कुणी भरत नाहीये हे माहितीये मला, पण माफी आली तर आली, तिच्यावर हिशोब बांधू नका. सोसायटीच्या सचिवाकडून शेवटची तारीख लेखी घ्या. भिजलेल्या मालाचे जे येतील ते आधी इथे, कमी पडले तर वाचलेल्यातला थोडा विकून.

पंचनामा झाला का ते लिहिलं नाहीत. 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर बागायतीला हेक्टरी 17 हजार या सरकारी मदतीच्या निकषाने दीड एकराचे 10 हजाराच्या आसपास बसतात, फार नाही पण हक्काचे आहेत. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरच्या पीक नोंदणीत, कांदा लागलेला पाहिजे, नाहीतर तलाठ्याकडे चकरा. तो कांदा विकायच्या आधी ओल्या मालाचे फोटो काढून ठेवा.

राहिला नवस. बरेच सल्लागार इथे हसून पुढे जातात, मी नाही जाणार. माझ्या आजीने माझ्या टायफॉइडच्या वेळी बोललेला नवस पाच वर्षांनी फेडला होता, आणि देवी रुसली नाही. सासूबाईंना प्रेमाने विचारा की आई, बोलताना नेमके शब्द काय होते. तुमच्या पत्रावरून तरी त्या 'गावाला घास घालीन' म्हणाल्यात, 600 पानं म्हणाल्या नाहीत, चैत्रातच म्हणाल्या नाहीत. चैत्रोत्सवात गडावर जाऊन पुरणाचा नैवेद्य दाखवून या, पाच सवाष्णी जेवू घाला, गाडीभाड्यासकट 8-10 हजारात होईल. गावजेवण नवरात्रात घाला, तोवर वाचलेला कांदा विकला गेलेला असेल, गहू घरचाच आहे, भावकीतल्या बायका पोळ्या लाटायला येतातच. तेव्हा 30-35 हजारात निभावेल. आणि सासूबाईंना एवढंच सांगा की हे पैसे मोडलेल्या एफडीचे नकोत, कांद्याचे असावेत, कारण नवस कांद्यासाठीच होता. त्या माझ्यापेक्षा लवकर ऐकतील असं वाटतं.

मालकांना मोबाईलवर हे वाचायला देऊ नका, रात्री जेवण झाल्यावर तुम्हीच वाचून दाखवा, चाळीचा परिच्छेद शेवटी. आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलला आत्ताच टाका, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.