मालवणात समुद्राजवळ उभी असलेली जुनी जीप नव्याने बांधताना गंजलेला पत्रा पुट्टीने भरावा की कापून बदलावा?

भोक पडलेला पत्रा कापूनच बदलावा. पुट्टी ओलावा शोषून घेते, आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतले मीठ हवेतील बाष्प धरून ठेवत असल्यामुळे आत राहिलेला गंज रंगाखाली वाढत राहून काही पावसाळ्यांतच पुन्हा फुगून वर येतो.

प्रथम बॅटरी व इंधनाची टाकी काढून ठेवावी आणि सांगाडा गोड्या पाण्याने भरपूर धुऊन पूर्ण वाळवावा. घासण्याआधी मीठ निघणे आवश्यक असते, आणि नेमकी हीच पायरी अनेकजण गाळतात. नंतर फ्लोअर व चाकांवरील पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावा आणि जिथे तो दबतो तिथून सशक्त धातू लागेपर्यंत कापावे. साधारण १ मिलिमीटर जाडीचा नवा तुकडा बसवून थोड्या थोड्या अंतरावर वेल्डिंगचे टाके द्यावेत, कारण सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो. त्यावर एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग), सांध्यांवर सीलर (फटी बंद करणारा लेप) आणि बंद पोकळ्यांत मेण फवारावे. पाणी निचरण्याची छिद्रे मात्र बुजवू नयेत. हे काम दिवाळीनंतरच काढावे. आषाढात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.