चाकावर हात बसलाय, पण भांड्यावर नक्षी जमत नाही. आधी चित्रकला शिकू का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दीड वर्षं कुंभाराच्या चाकावर काम करताय, कप आणि वाडगे बरे उतरतात, आता जयपूरच्या ब्लू पॉटरीसारखी नक्षी करायची आहे, पण चित्रकलेच्या नावाने बोंब. तर आधी ड्रॉइंगचा क्लास लावावा का?

हौस म्हणून खुशाल लावा, पण तुमचं घोडं तिथे अडलेलं नाही. नक्षी शिकायची म्हणजे निम्मं काम माती किती ओली आहे ते ओळखण्याचं. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

आधी जयपूरचं बाजूला ठेवू. ती भांडी आपल्या मातीची नसतातच. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक असा तो लगदा. चाकावर ओढून उंच करण्याइतका चिवटपणा त्यात नसतो, म्हणून बहुतेक आकार साच्यात घडवतात आणि भट्टीही आपल्या स्टोनवेअरपेक्षा, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेल्या भांड्यांपेक्षा, बरीच कमी तापवतात. तुम्हाला तो निळा-पांढरा थाट हवा असेल, तर तुमच्याच मातीवर पांढरी स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) आणि निळा रंग देणारं कोबाल्ट वापरून जवळपास जाता येईल.

सुरुवात स्ग्राफिटोपासून करा. भांड्यावर वेगळ्या रंगाच्या स्लिपचा हात द्यायचा आणि ती खरवडून खालच्या मातीचा रंग उघडा करायचा, इतकंच. खरी गोम वेळेत आहे. इस्त्रीला कपडे निमओले असले की कशी घडी बसते, तसंच. बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही, पण नख ओढलं तर स्वच्छ रेघ उठते, ती लेदर हार्ड अवस्था. तेव्हा स्लिप लावायची, तिची चकाकी जाऊ द्यायची आणि मग खरवडायचं. फार ओलं असेल तर रेघेच्या दोन्ही कडांना चिखलाचे बांध येतात. फार सुकलं तर कडा टवके उडाल्यासारख्या तुटतात. नेमक्या वेळी माती रेघेतून बारीक शेवेसारखी वर येते. ती शेव तिथल्या तिथे झटकायला जाऊ नका, नाहीतर नक्षीवर फासली जाईल. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने हलकेच काढा. तेही मास्क लावून, कारण त्या धुळीत सिलिका असते. सुकं भांडं पॉलिश पेपरने घासण्यापेक्षा ओल्या स्पंजने पुसलेलं केव्हाही बरं.

माझ्या पहिल्या सहा प्लेटांचं सांगते. ठाण्यातला मे महिना. दुपारी जेवून येईपर्यंत प्लेटा पांढऱ्या पडल्या होत्या, तरी मी हट्टाने स्लिप चढवली. प्लेट आकसायची तेवढी आकसून झालेली, वरची ओली स्लिप आता आकसणार. मग ती धरून राहील कशी? दुसऱ्या दिवशी केळ्याच्या वेफर्ससारखे पापुद्रे सुटले. तेव्हापासून उन्हाळ्यात भांडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. पावसाळ्यात उलट तऱ्हा, तीन-तीन दिवस वाट बघत बसावं लागतं.

स्लिप शक्यतो तुमच्याच मातीची करा, म्हणजे दोन्ही सारख्याच आकसतील. माती गडद असेल तर पांढरी स्लिप वेगळी लागेल, आणि ती आपल्या मातीवर टिकते का ते आधी टाइलवर बघायचं. स्लिपच्या 100 ग्रॅम सुक्या पुडीला 1 ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइड निळ्यासाठी पुरतं. मी लोभाने 5 ग्रॅम घातलं होतं, शाईच्या दौतीसारखं काळंनिळं काहीतरी निघालं. वर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, पारदर्शक हवं. पांढरं अपारदर्शक चढवलंत तर सगळी मेहनत त्याखाली गडप. असे प्रयोग भांड्यावर करू नका. पट्टीएवढ्या टाइल करा आणि मागे प्रमाण कोरून ठेवा.

रेघेत हात बसला की मिशिमा करून बघा. नाव जपानी, पण कसब कोरियाचं. 12 व्या शतकात तिथल्या हिरवट सेलाडॉन भांड्यांवर असे क्रौंच पक्षी आणि ढग भरलेले आहेत. हे स्ग्राफिटोच्या उलट: आधी रेघ कोरायची, तिच्यात स्लिप भरायची, ती घट्ट झाली की वरचा थर खरवडून टाकायचा. केसाएवढी रेघसुद्धा धारदार राहते, ब्रशने ती मला जन्मात जमली नसती.

चित्र येत नाही म्हणता, तर वर्तमानपत्राचे आकार कापा, ओले करून लेदर हार्ड भांड्यावर चिकटवा, वरून स्लिप लावा, जरा थांबून कागद सोला. आणि नक्षी गोल फिरवताना शेवटी टोकं जुळत नाहीत ना? भांड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, घेराएवढी कापा, तीनदा दुमडा. आठ समान खुणा मिळतात, तेच ठिपके. पुढे ठिपक्यांची रांगोळी आपल्याला येतेच की.

मुंबईकडे असाल तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूलची भांडी बघा. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात जे. जे. स्कूलमध्ये केलेली ही भांडी, काहींवर अजिंठ्याच्या चित्रांतले आकार आहेत. भांडं जिथे फुगतं तिथे नक्षी कशी रुंदावते आणि गळ्याशी कशी आवळते, ते निवांत बघा. मी वही घेऊन गेले होते आणि अख्खी दुपार दोनच भांड्यांपाशी गेली.

क्लास लावायचाच असेल तर फी विचारण्याआधी एवढं विचारा: माझ्या टेस्ट टाइल तुमच्या भट्टीत भाजून मिळतील का?