भाऊ दीड महिना खोलीतून बाहेर येत नाही, घरचे म्हणतात आळस. हे डिप्रेशन असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की २६ वर्षांचा भाऊ परीक्षेची तयारी सोडून दीड महिना पडून आहे, अंघोळसुद्धा टाळतो, आणि बाबा त्याला आळशी म्हणतात. मी नागपूरचाच, मानेवाड्याला राहतो. २०१८ मध्ये तुमच्या भावाच्या जागी मी होतो, म्हणून त्याच्या बाजूनं सांगतो.

आळशी माणसाला लोळून बरं वाटतं. मला लोळूनही बरं वाटत नव्हतं. पहाटे साडेतीनला डोळे उघडायचे ते उघडेच. अंघोळीला जायचं म्हणजे पाय खाली टाकायचे, उभं राहायचं, टॉवेल शोधायचा. एवढ्या विचारानंच थकून जायचो. दादा मुद्दाम तर्री-पोहे आणायचा, पण त्याला चवच लागायची नाही. उदासी किंवा कशातच मन न लागणं, जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहणं, हे जवळजवळ रोज, सलग २ आठवडे चाललं की डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तुमच्याकडे ६ आठवडे झालेत.

आजच एक करा. भावाजवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध आणि गोळ्या घराबाहेर काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात.

आई मला रोज विचारायची, "झालं तरी काय तुला?" मला उत्तर सापडायचं नाही, आणि ते सापडत नाही याचीच आणखी लाज वाटायची. वहिनीनं कधीच विचारलं नाही. ऊन उतरलं की ती दारात यायची, माझी चप्पल पुढ्यात ठेवायची. "चला भाऊजी, दूध आणू." पहिले ४ दिवस मी गेलो नाही. ती रागावली नाही, पाचव्या दिवशीही आली. डेअरीपर्यंत गेलो, १० मिनिटांत परत. दोनेक महिन्यांनी आम्ही फुटाळा तलावापर्यंत जाऊ लागलो. पुढे डॉक्टर म्हणाले की उपचारातही हेच करून घेतात: इच्छा होण्याची वाट न बघता आधी छोटंसं काम, मन मागून येतं. म्हणून भावाला "बाहेर जात जा" म्हणू नका, तुम्ही सोबत निघा.

पण नुसत्या फिरण्यानं मी बरा झालो नाही. डॉक्टरांनी आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं, कारण तिथल्या बिघाडानंही असाच थकवा येतो. मग गोळ्या. सुरुवातीला मळमळ झाली, फरक जाणवायला ३-४ आठवडे लागले. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात मी त्या आपल्या मनानं बंद केल्या आणि दीड महिन्यात पुन्हा त्याच पलंगावर आलो. बरं वाटू लागल्यावरही साधारण ६ ते ९ महिने गोळ्या चालू ठेवतात, आणि कमी करायच्या त्या डॉक्टरांनीच, हळूहळू. हे भावाला सुरुवातीलाच सांगून ठेवा.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, शिवाय मिहानचं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहेच, पण तिथल्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात, आणि तुमच्या बाबांच्या मनात तेच नाव अडत असेल. माझ्या बाबांचंही तसंच होतं. एकदा मी त्यांना ओपीडीत सोबत नेलं. बाकावर बँकेतले एक साहेब होते, कॉलेजची एक मुलगी होती, तान्हं बाळ घेतलेली एक बाई होती. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या तारखेला मात्र सकाळी ८ वाजताच स्कूटर काढून, माझी फाईल हातात घेऊन ते फाटकाशी उभे होते.